किड्यांचा वाटा

मंगळवार, २३ ऑक्टोबर २०१८
शेतावरून

प्रिय ऋता,

तुझं पाकीट शुक्रवारी पोचलं. आत फॉर्म, फॉर्मवर पिवळी चिठ्ठी, चिठ्ठीवर बाण, आणि बाणाशेजारी तुझ्या अक्षरात ‘आई, इथे सही’. सहीतली ‘ही’ दीर्घ काढली आहेस. ह्याच टेबलावर मक्याचे दाणे मांडून तुला बाराखडी शिकवली होती, आणि तू ‘ळ’ काढायच्या आतच निम्मे दाणे खाऊन टाकायचीस. त्या मानाने ही प्रगती म्हणायची. फॉर्मही वाचला. ‘सन २००४ ते २०१५ या काळातील पेरणीच्या नोंदी मी स्वतः केल्या असून त्या खऱ्या आहेत’ एवढं सांगायला तुझ्या विद्यापीठाने नऊ ओळींचं एक वाक्य वापरलं आहे. संस्कृतातले असले लांबलचक समास सोडवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, तरी मला ते दोनदा वाचावं लागलं. येत्या सोमवारपर्यंत हवा म्हणतेस. आज मंगळवार. चार दिवस तो कागद टेबलावर आहे आणि मी त्याच्या कडेकडेने जेवते आहे.

बाहेर शेजारच्या डेल्मारचं मका काढायचं कंबाईन चालू आहे. या वर्षी पावसाने त्याला फार रखडवलं, म्हणून आता दिवस उगवल्यापासून घरघर. तुझे वडील गेल्यापासून आपला मकाही तोच काढतो. त्याने आपलं पूर्वेचं शेत सगळ्यात शेवटी ठेवलं आहे, दर वर्षी ठेवतो. मी कधी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आज सकाळी दारात येऊन टोपी काढून उभा राहिला. ‘प्रोफेसरीणबाई, उद्या पूर्वेकडे शिरतो. खिडक्या लावून घ्या, धूळ येईल.’ मी म्हटलं, ‘डेल्मार, तीस वर्षं झाली, मी एक दिवससुद्धा प्रोफेसर नव्हते.’ तर म्हणतो, ‘असू दे हो. आमच्यात दुसरं कोणाला मेलेली भाषा येते?’ कॉफी दिली. कप बशीवर ठेवताना खडखडला. त्याने दुसऱ्या हाताने मनगट धरलं आणि म्हणाला, ‘वय झालं.’ तो बासष्टचा आहे, ऋता.

तू विचारशील की सही करायची सोडून ही म्हातारी गावगप्पा का सांगते आहे. थांब. माझ्या पद्धतीने सांगू दे. आधी पदच्छेद, मग अन्वय, अर्थ सगळ्यात शेवटी.

तुझ्या ऑर्विल आजोबांचे हात तुला आठवतात का? तू चार वर्षांची होतीस ते गेले तेव्हा. सूप प्यायला त्यांना नळी लागायची, कागदाची. मुळं खाणाऱ्या अळीसाठी ते जमिनीत दाणेदार विष घालायचे, वीस-पंचवीस वर्षं घातलं, आणि डबे रिकामे करताना कधी हातमोजे घातले नाहीत, कारण हातमोजे थंडीत घालायचे असतात असं त्यांचं मत. डॉक्टर म्हणाले, कशाने हात थरथरतात ते सांगता येत नाही. तुझ्या वडिलांना सांगता येत होतं. बापाला पुरून आल्यावर वर्लिनने विषाचे उरलेले डबे तालुक्याच्या गोदामात परत नेऊन दिले आणि म्हणाला, ‘व्ही, यापुढे आपल्या शेतात हे नाही.’ वैजयंतीचं व्ही त्याने पहिल्या भेटीतच केलं होतं. बाकीची अक्षरं नांगरताना पडली असं म्हणायचा. विष नाही, तर मका मार खाणार. दर दोन वर्षांनी सोयाबीन घेतलं असतं तर अळी उपाशी मेली असती, पण डुकरांना मका हवा, म्हणून आपल्याकडे मक्यावर मका. एकरी एकशे चाळीस बुशेल आले की आम्ही देवाचे आभार मानायचो आणि शेजाऱ्याचे एकशे सत्तर बघायचो नाही.

म्हणून २००४ साली ते नवं बियाणं आलं तेव्हा या घरात काय झालं ते तुला कळणं कठीण आहे. तू तेव्हा तेरा वर्षांची होतीस आणि तुला फक्त कानात भोकं पाडून हवी होती. मातीतल्या एका जिवाणूचा गुण मक्याच्या पेशीतच घातलेला. अळीने मूळ कुरतडलं की तिचं पोट फाटणार, माणसाला काही नाही, गाईला नाही, विषाचा डबा नाही, हातमोज्यांचा प्रश्न नाही. पहिल्याच वर्षी एकरी दोनशे तीन. वर्लिन कंबाईनमधून उतरला, पुन्हा चढला, आकडा पुन्हा बघितला. त्या संध्याकाळी त्याने चर्चच्या तळघरात, नूडल्सच्या पातेल्यापुढे उभं राहून, कुणी न विचारता सांगितलं की दोनशे तीन. आपल्या नॉर्वेजियन मंडळींत याला नाचणं म्हणतात.

पण त्या बियाण्याबरोबर एक नियम आला होता, ज्याच्या अभ्यासावर आता तुझं पोट चालतं. पाचातला एक भाग साधा मका लावायचा. अळीने खुशाल खावा असा. तिथल्या अळ्या जगून त्यांचे भुंगेरे झाले, की नव्या मक्यातून चुकून वाचलेल्या बेरकी भुंगेऱ्यांशी त्यांचा संसार होतो आणि त्यांची पोरं पुन्हा साधी, मरणारी निपजतात. साधा मका ठेवला नाही, तर बेरक्यांची बेरक्यांशीच लग्नं. इकडे त्याला आसरा म्हणतात. मी वर्लिनला माझ्या आजोबांचं सांगितलं. सांगलीला चाळीच्या गॅलरीत, ताटावर बसण्याआधी ते भाताचा घास बाहेर ठेवायचे, कावळ्याला, मुंगीला, किड्याला. वैश्वदेव म्हणतात त्याला. वर्लिनने चमचा खाली ठेवला. ‘म्हणजे तुझे आजोबा हा नियम पाळायचे? कुणाच्या सहीशिवाय?’ मग त्याने नियम कधी नियम म्हणून पाळलाच नाही. घास म्हणून पाळला. पूर्वेच्या शेतात, रस्त्याला लागून, चोवीस एकर. सगळ्यांना दिसेल अशा जागी, कारण घास लपवून ठेवत नाहीत.

पेरणीची आपली रीत तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण पुढचं सगळं तिथेच आहे. वर्लिन ट्रॅक्टरवर, मी बियाण्याच्या गाडीवर. पूर्वेच्या टोकाला पोचला की यंत्र उचलायचा, मी पेट्यांतलं उरलेलं नवं बियाणं झाडून काढायची, पिशव्या फोडून साधं ओतायची. नव्याला हिरवा रंग, साध्याला गुलाबी. आणि तुझ्या वडिलांना हिरवं-गुलाबी सारखंच, दोन्ही चिखलाचं. टोमॅटो पिकला का, मांस शिजलं का, सिग्नल कुठला, टाय चालेल का, हे सगळं माझ्या डोळ्यांनी. म्हणून दर वर्षी तो खिडकी सरकवून इंजिनाच्या आवाजावरून ओरडायचा, ‘साधंच ना, व्ही?’ मी अंगठा वर करायची. तो मान डोलवायचा. घरी येऊन मी वहीत लिहायची, पूर्वेचा पट्टा, साधं, दहा पिशव्या. बस. आमच्या लग्नात यापेक्षा गोड संवाद फार झाले असतील असं नाही.

२००५ च्या जुलैमध्ये वादळ झालं. नवा मका हलला आणि उभा राहिला. पट्ट्यातला लोळला. अळीने मुळं खाल्लेली, धरणार कशाने. आठ दिवसांनी त्याने शेंडे वर उचलले, ताटं खालून वाकडी, वरून सरळ, बदकांच्या माना कापून जमिनीत रोवाव्यात तशी. चोवीस एकर. आणि रस्त्यावरून येणारा-जाणारा प्रत्येक ट्रक हळू व्हायचा. शेतकऱ्यांच्या को-ऑपमध्ये कॉफीच्या टेबलावर डेल्मार म्हणाला, ‘काय रे वर्लिन, तुझा मका दमला वाटतं. उशी नेऊन दे त्याला.’ दुसरा म्हणाला, ‘अरे, प्रार्थनेला बसलाय तो. ल्यूटरन मका आहे.’ वर्लिन हसला. डेल्मारला मी दोष देत नाही, त्याच्या जिभेला हाड नसलं तरी तिच्यात विषही नव्हतं. पण वर्लिन पुढचे तीन महिने कॉफीला गेला नाही. आडवा मका काढायला कंबाईन गोगलगाईसारखं चालवावं लागलं, चार दिवस. आला एकशे अठरा. चौथ्या दिवशी मी जेवण घेऊन गेले तर तो पट्ट्याच्या मधोमध टोपी हातात घेऊन उभा होता, बापाच्या दफनाला उभा होता तसा. मला बघून म्हणाला, ‘खाऊ दे त्यांना. त्यांचाच आहे.’ आणि मग, मी दूर गेले असं समजून, ‘पण सगळं खाल्लं रे.’

तेवढं एक वाक्य, ऋता. मी ते ऐकायला नको होतं.

२००६ च्या वसंतात बियाणं मी मागवलं. नेहमी मीच मागवायची. पुन्हा पेरावं लागलं तर असू दे म्हणून नव्या बियाण्याच्या दहा पिशव्या जास्त घेतल्या. पूर्वेच्या टोकाला यंत्र उचललं गेलं. मी पेट्या झाडल्याच नाहीत. वरून हिरवं ओतलं. त्याने खिडकी सरकवली. ‘साधंच ना, व्ही?’ मी अंगठा वर केला.

मी स्वतःला सांगितलं, एकच वर्ष. माझ्या एका बाजूला काही लाख भुंगेरे होते आणि दुसऱ्या बाजूला एक नवरा. यात फार विचार करण्यासारखं मला तेव्हा काही दिसलं नाही. गुलाबी बियाण्याच्या दहा पिशव्या मी कोंबड्यांच्या जुन्या खुराड्यात नेऊन ठेवल्या. औषध लावलेलं बियाणं, डुकरांना घालता येत नाही, परत करायचं तर सांगावं लागतं. खुराड्याच्या दारातून रकून, ती चोरटी जनावरं, घुसतात म्हणून मी कुलूप लावलं. त्या वर्षी पट्टा उभा राहिला. एकरी दोनशे पाच. वर्लिनने घरात येऊन मला कमरेत धरून उचललं आणि लगेच खाली ठेवलं, कारण मी पन्नाशीच्या वाटेवर होते आणि तोही. त्याला वाटलं, त्याने पट्टा दहा दिवस उशिरा पेरला होता म्हणून असं झालं. हिवाळ्यातल्या शेतकऱ्यांच्या सभेत कुणीतरी त्याला बोलायला लावलं. उशिरा पेरा, अळी आधी फुटते, तिला मूळ मिळत नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वर्लिनची पद्धत म्हणायला लागले. डेल्मारने पुढच्या वर्षी ती करून पाहिली आणि त्याचा पट्टा लोळला. ‘प्रोफेसरीणबाई,’ तो मला म्हणाला, ‘तुमचा नवरा कुठला मंत्र घालतो ते सांगा, मी कोंबडं कापतो.’ मी हसले. मला विनोद लगेच कळतात.

मग एकाची सहा वर्षं झाली. सहा वेळा अंगठा, साठ पिशव्या खुराड्यात, आणि वहीत सहा ओळी, अत्यंत सुवाच्य.

२०११ च्या जुलैत तू घरी होतीस. तुला ते वादळ आठवतं. वादळ नव्हतंच, वाऱ्याची एक झुळूक होती, तासाभराची. सकाळी सगळं शेत आडवं. पट्टा नव्हे, सगळं. एकशे वीस एकर माना टाकून पडलेले, आणि कणसांच्या केसांत पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे भुंगेरे, इतके की शेतात उभं राहिलं तर चघळल्याचा आवाज यायचा. तुझ्या वडिलांनी एक ताट उपटलं. ते असं हातात आलं जसं केकमधून मेणबत्ती यावी. मुळं नव्हतीच, बोटाएवढी खुंटं. तू बाटलीत भुंगेरे गोळा करत होतीस, तुझे डोळे चमकत होते, तुला तुझं आयुष्य सापडलं होतं त्या सकाळी. तो तुझ्याकडे नाही, माझ्याकडे बघून म्हणाला, ‘असं व्हायला नको होतं, व्ही. मी तर त्यांचा वाटा दिला होता.’

मी काय म्हणाले ते तुला आठवतं? तू जवळच होतीस. मी म्हणाले, ‘चहा टाकते.’

त्या वर्षी एकशे एकवीस. पुढच्या वर्षी डेल्मारचं शेत, त्याच्या पुढचं, मग नदीपलीकडचं. भुंगेऱ्यांना कुंपण कळत नाही. डेल्मारने ज्या वर्षी पुन्हा दाणेदार विषाचे डबे आणले, त्या वर्षी मी त्याच्या अंगणातून जाताना ते रचलेले पाहिले आणि गाडी थांबवून त्याला हातमोजे घालायला सांगितलं. ‘गरमी होते हो त्यात,’ म्हणाला.

आता खुराड्याचं ऐक. २०११ च्याच ऑक्टोबरात वर्लिनला कुठली तरी तार हवी होती. तो कुलूप तोडून आत गेला. मी खिडकीतून बघत होते. भांडी घासत होते आणि घासतच राहिले. अर्ध्या तासाने आला. सिंकवर माझ्या शेजारी उभा राहून हात धुतले, कोपरापर्यंत, फार वेळ. मग टेबलावर बसून म्हणाला, ‘खुराड्याचं छप्पर गळतंय. ताडपत्री टाकून आलो. बियाणं भिजू नये.’ मी ताट वाढलं. त्याने प्रार्थना म्हटली, रोजची, एक शब्द कमी नाही, एक जास्त नाही. बटाटे मागितले. ऋता, तो ओरडला असता तर मी आज बरी असते.

पुढच्या वसंतात म्हणाला, ‘तू आज घरीच थांब, व्ही. एकट्याने होईल.’ खुराड्यातून त्याने आपल्या हाताने पिशव्या वाहिल्या आणि पट्ट्यात पेरल्या. आणि तुला माहीत आहे तुझा बाप, डब्यात शिळा पाव असेपर्यंत ताज्याला हात लावायचा नाही. जुनं आधी संपवायचं. त्याने २००६ च्या पिशव्या घेतल्या. सहा वर्षांचं बियाणं, निम्मं उगवलं. रस्त्याकडेला चोवीस एकर, जागोजागी खिंडारं, म्हाताऱ्याच्या तोंडासारखं. वर दुष्काळ. डेल्मारने विचारलं, ‘अरे, हे काय?’ वर्लिन म्हणाला, ‘एवढंच उगवलं.’ २०१३ ला त्याने २००७ च्या पेरल्या, २०१४ ला २००८ च्या, २०१५ ला २००९ च्या. मला एकदाही विचारलं नाही, साधंच ना. वहीत मी लिहायची, साधं, दहा पिशव्या. तो समोर बसून बघायचा. आता लिहिलेलं खरं होतं.

आणि तेव्हापासून, ज्या दिवसापासून त्याने विचारणं थांबवलं, मला ते ऐकू येतं. हे तुला हास्यास्पद वाटेल. मलाही वाटतं, म्हणून सांगितलं नव्हतं. काहीही ओतायला घेतलं, कुकरमध्ये तांदूळ, बरणीत साखर, पक्ष्यांच्या ताटलीत दाणे, की मागून, जरा उंचावरून, इंजिनाच्या आवाजावरून ओरडल्यासारखं: साधंच ना, व्ही? मी मागे बघत नाही. अंगठा वर करायला हात उठतो, तो मी धरून ठेवते. तो गेल्यावर हे थांबेल असं वाटलं होतं. उलट आता भर दुपारी, ऑगस्टमध्ये, वारा पडलेला असताना, इथून खिडकीतून पूर्वेच्या पट्ट्यातले तुरे एका ओळीत हलत जाताना दिसतात. रस्त्याच्या टोकापासून झाडांपर्यंत, सावकाश, मध्येच थांबून, कुणी एकेक ताट तपासत चालल्यासारखे. हरीण असतं. डेल्मारलाही मी हरीणच सांगते. तो म्हणतो, ‘हो, हरीणच,’ आणि ते शेत सगळ्यात शेवटी ठेवतो.

आता २०१५ चा नाताळ. तू फोन टेबलावर ठेवून त्याची मुलाखत घेतलीस. मी ओट्याशी लेफ्सं लाटत होते. तुझ्या आजीने मला सून म्हणून मान्य केलं ते त्या बटाट्याच्या पोळीमुळे. तिला माझं संस्कृत कळलं नाही, पण लाटणं कळलं. वर्लिनच्या नाकात ती प्राणवायूची नळी. तू विचारलंस, ‘डॅडी, नियमासाठी विचारते हं, दर वर्षी आसऱ्याचा पट्टा साध्या बियाण्याचा होता ना?’ त्याने माझ्याकडे पाहिलं. किती वेळ ते तुझ्या फोनवर असेल. मग म्हणाला, ‘वही तुझ्या आईच्या हातची आहे. तिच्या अक्षरात मी कधी खोट काढली नाही.’ तू हसलीस, लिहून घेतलंस, हो. मी शास्त्रात वाढलेली बाई. मी ते वाक्य गेली तीन वर्षं पदच्छेद करून पाहते आहे. त्यात खोटं एक अक्षर नाही. पण तुझा खोटा समज व्हावा म्हणून ते म्हटलं होतं, आणि तुझ्या वडिलांनी आयुष्यात तेवढं एकच असं वाक्य रचलं. माझ्यासाठी. जानेवारीत तो गेला.

त्याच्या त्या एका वाक्यावर तू आता एवढं घर बांधलं आहेस. तुझ्या प्रबंधातल्या नऊ शेतांत सगळ्यात पूर्ण नोंदी कुणाच्या, तर आपल्या. तू फोनवर किती आनंदाने सांगितलंस मला, की आई, आपलंच शेत पुरावा आहे. नियम अक्षरशः पाळला तरी किडे जिंकले, म्हणजे नियमच निकामी आहे. डिसेंबरात तू हे पाचशे शेतकऱ्यांपुढे सांगणार. आणि त्यांना ते किती आवडेल! ते टोप्या उडवतील. आता पिशवीतच साधे दाणे मिसळून येतात, डेल्मार कुरकुरतो त्यावर, ‘पैसे मोजून किड्यांना जेवण घालतोय आम्ही.’ तू सांगशील की घालू नका. एका शेतकऱ्याची मुलगी, स्वतःच्या बापाच्या वहीवरून. मग पुढचा गुण येईल मक्यात, आणि त्याचंही असंच होईल, आणि डबे परत येतील, आणि कुणीतरी हातमोजे घालणार नाही.

मी सही करू शकते. मला ठाऊक आहे, करून टाकली तर तुझा प्रबंध उन्हाळ्यापर्यंत पुरा होईल, आणि वर्लिनचं नाव दफनभूमीत जसं आहे तसं राहील. न केली तर तुझी दोन वर्षं जातील, आणि तू मला फोन करणं कदाचित थांबवशील. तुझ्या बापासारखी गप्प राहू नकोस एवढं मात्र कर, ओरड. हे मी मराठीत लिहिलं, कारण ही गोष्ट मला दुसऱ्या कुठल्या भाषेत आधी तुला सांगता आली नसती. तुझ्या प्राध्यापकांसाठी इंग्रजीत वेगळा कागद आहे, एकच पान, छोटी वाक्यं. २००६ ते २०११, पूर्वेच्या पट्ट्याच्या सहा नोंदी खोट्या, हेतुपुरस्सर, माझ्या. वर्लिन हॉगेनला पेरताना माहीत नव्हतं. त्यावर सही आहे. तुझ्या फॉर्मवर नाही. वहीत सहा ओळींखाली मी लाल रेघ मारून तारीख घातली आहे.

पाकिटात एक पुडी आहे ती जपून उघड. तो गेल्यावर महिन्याभराने मी पहिल्यांदा खुराड्यात गेले. ताडपत्रीखाली २०१० आणि २०११ च्या वीस पिशव्या होत्या, लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर, जशा ठेवायला हव्यात तशा. आणि दारामागे एका खिळ्याला, पेरून झालेल्या चाळीस पिशव्यांची लेबलं तारेत ओवून टांगलेली होती, साल लावून, दहा-दहाच्या जुड्या, प्रत्येकीवर नंबर आणि तारीख. त्याने ती जाळली नाहीत. मला दाखवलीही नाहीत. कुणीतरी एक दिवस खरं विचारेल म्हणून ठेवली असावीत, आणि ते मी असावं अशी त्याची इच्छा असावी. तीन वर्षं मी फक्त खिळ्याकडे बघून परत येत होते. तीच लेबलं पुडीत आहेत. तुझ्या फॉर्मला पुरावा हवा होता ना, हा घे. बाकीच्या वीस पिशव्या येऊन मोज. मघाशी, हे शेवटचं लिहायला बसायच्या आधी, भाताला तांदूळ काढले, एका माणसाचे, आणि ओतायला लागले तोच मागून त्याने विचारलं. या खेपेला मी हात धरून ठेवला नाही, वरही केला नाही. मागे वळले, आणि मोठ्यांदा म्हटलं, नाही, वर्लिन.

तुझीच,
आई